तोफ जिथे वाजली

पांढुर्णा, डिसेंबरातला दुसरा रविवार

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याची आधी माफी मागते. तुम्ही होतात तेव्हा मी बोटीवरून लिहायचे, तेही हवा कशी आहे, जेवण काय मिळतं, एवढंच. मी नेमकं काय काम करते हे तुम्ही कधीतरी विचारलं होतं. "मोजणीचं," म्हणून मी विषय संपवला होता. तुम्हीही सरकारी नोकरीत विहिरींची पाणीपातळीच मोजायचात, म्हणून तुम्हाला तेवढं उत्तर पुरलं असावं. की पुरलं नव्हतं, आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाही?

आज सांगते. आमची बोट मागे लांबट फुग्यांसारखे फ्लोट ओढत नेते. त्यांच्याखाली साखळ्यांना हवेच्या तोफा टांगलेल्या असतात. ठरल्या जागी तोफ वाजते, आवाज तळाखालच्या खडकात शिरतो आणि परत येतो, त्यावरून खालचं चित्र काढतात. काही वर्षांनी पुन्हा तिथेच जाऊन तेच करायचं. दोन चित्रांत जो फरक दिसेल, तो खालच्या तेलाचा नि वायूचा, असं मानायचं. पण तोफ दोन्ही वेळा एकाच जागी वाजली असेल तरच हे खरं. नाहीतर फरक आपल्याच हलण्याचा असतो आणि आपण तो जमिनीच्या नावावर घालतो. समुद्रात खुंटी ठोकता येत नाही. प्रवाह फ्लोटला बाजूला लोटतो. फ्लोटवरचा अँटेना उपग्रहांकडून जागा घेतो, पण ती त्याची स्वतःची; तोफ खाली साखळीवर मागे झुकलेली असते. ते झुकणं हिशेबात धरून तोफ जुन्या जागी आणायची एक पद्धत मी कितीतरी वर्षं खपून बसवली. यंदा ती पहिल्यांदाच एका पूर्ण सर्वेक्षणात वापरली.

आणि हल्ली मला मोहगावकडची ती विहीर आठवत राहते. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी तुमच्या स्कूटरवर मागे बसून आले आहे. तुम्ही टेपाच्या टोकाला खडू चोळता, कठड्यावरच्या लाल खुणेशी टेप धरून खाली सोडता, वर ओढता. खडू भिजला तिथवर पाणी. टेप पुसायचं काम माझं. संत्र्याच्या बागेचा मालक हसतो, "साहेब, पाणी तर दिसूनच राहिलं ना जी! डोकावून पाहा न जा घरी." तुम्ही मान वर न करता म्हणता, "दिसते तर सारंच. मागच्या बारीपेक्षा किती, थे सांगा."

मी नागपूरला कॉलेजात गेले, त्या वर्षी त्या बागमालकानं कठडा पाडून नवा बांधला. लाल खूण गेली. टेप पाहिला तर पाणी एकदम खोल गेलेलं, आणि तसं लिहिलं असतं तर गावात नव्या विहिरी खोदायला परवानगी मिळाली नसती. तो म्हणाला, "कठड्याचे दोन थर वाढवले फक्त. तेवढे कमी करून टाका." तुम्ही त्या हंगामाचा रकाना कोराच ठेवला. आपण निघालो तेव्हा तो मागून ओरडला, "पगार तर बरोबर घेता, आकडा लिहाले हात काहून थरथरते?" वाटेत मीही म्हणाले, "बाबा, दोन थर वजा करा ना. साधी वजाबाकी आहे." तुम्ही स्कूटर थांबवली. "तू होती का वं तेथं, जुना कठडा पाडून राहिले होते तवा?" मग किक मारून सौंसरच्या वाटेला लागलात. तो तुमचा भित्रेपणा आहे, असं मला वाटलं होतं. जमिनीपासून मोजून, अंदाज लिहून, तो अंदाज आहे असं शेजारी लिहिता आलं असतं. कोऱ्या रकान्यानं तुम्ही सुटलात, गावाला काय मिळालं? हे भांडण मी मनात अजून करते.

यंदाच्या आणि जुन्या चित्रातला फरक काढला, तर पूर्वेकडे एक ठळक डाग उमटला. कंपनीचे लोक खूश, तिथे तेलाची नवी विहीर खणायचं ठरतंय. मी रजेवर घरी आले आणि सवयीनं नोंदी तपासत बसले, तर कळलं की सर्वेक्षणाच्या मध्यात एक फ्लोट दुरुस्तीला वर घेतला होता. परत सोडताना अँटेना दुसऱ्या कडीवर बसवला गेला आणि अँटेनापासून तोफेपर्यंतचं नवं अंतर कुणीच नोंदीत भरलं नाही. त्यानंतर बोट ज्या सरळ ओळींत फिरली, त्या सगळ्यांवर त्या तोफा तीनेक मीटर बाजूला वाजल्या. डाग त्याच ओळींखाली आहे. बोटीवरच्या माझ्या सहकाऱ्याला फोन केला. रत्नागिरीचा आहे, कामाला चोख. "मॅडम, तीन मीटर! अख्ख्या समुद्रात?" मग म्हणाला, "अंतर बदला, जागा आपोआप सरकतील. लपवा असं नाही म्हणत मी. पण तुमच्या पद्धतीचं पहिलंच काम, लोक टपून बसलेत."

मी अंतर बदललं. सगळ्या जागा सरकल्या, डाग फिकट झाला, पण गेला नाही. मला इतकं हायसं वाटलं की उठून चहा केला. चहा पिता पिताच लक्षात आलं की सरकली ती कागदावरची जागा. तोफ जिथे वाजली, तिथेच वाजली. जुन्या सर्वेक्षणात तोफ तिथे वाजलीच नव्हती. आपण किती चुकलो एवढंच मला आता नेमकं कळलं होतं; उरलेल्या डागात जमीन किती आणि आम्ही किती, हे कुठल्याही वजाबाकीतून निघणार नाही. बोट अजून त्याच पाण्यात आहे, ओळी पुन्हा घेता येतील. पण तसं म्हटलं की माझ्या पद्धतीला दुसरी संधी कोण देणार?

आई स्वयंपाकघरात वांगी भाजते आहे. मघाशी दारात येऊन म्हणाली, "काय लिहून राहिली वं एवढं?" म्हटलं, बाबांना. "जित्तेपणी धड बोलले नाही दोघं," ती म्हणाली. "आता लिहूनच राहिली तर विचार, थो गच्चीवरल्या टाकीचा पाना कुठं ठेवला म्हणा. दोन वर्षं झाले शोधून राहिली." आणि पदरानं डोळे पुसत, धुराला नावं ठेवत आत गेली.

तुमचा कोरा रकाना मला आजही पटत नाही, बाबा. पण तो ठेवताना तुम्हाला त्या विहिरीतून काहीच नको होतं. मला हवं होतं. तो डाग खरा ठरावा म्हणून मी अंतर बदललं; जागा बरोबर व्हावी म्हणून नाही. हे त्या रत्नागिरीच्या मुलाला सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे, जिथे पत्र पोचत नाही तिथे.

उद्या सकाळी: पूर्वेकडच्या ओळी पुन्हा घ्याव्यात, असं कंपनीला लेखी कळवणे.