पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा

खडकी, सोमवार

प्रिय इरफान,

क्लबच्या शिडाच्या होड्यांची रेगाटा कशी झाली असं तू मेसेजवर विचारलंस, मी ‘सविस्तर कळवते’ एवढंच लिहिलं आणि त्यावर तू डोळे फिरवणारा चेहरा पाठवलास. हे ते सविस्तर. कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर मी उत्तर टाइप करत असले की तू तिकडे स्क्रीनसमोर बसून पाहतोस, मी किती वेळा थांबले आणि किती वेळा खोडलं. कोचीला पत्र पोचेपर्यंत तुला काहीच बघता येणार नाही, हे मला बरं वाटतं. तुझा दुसरा प्रश्नही मी विसरलेले नाही. जाताना विचारलास तो. गेल्या आठवड्यात अतिशय सभ्यपणे त्याची आठवणही करून दिलीस. पुण्याला परत येणार की आणखी तीन वर्षं तिथेच राहणार, हे तुला महिनाअखेर शिपयार्डला कळवायचं आहे, तेही लक्षात आहे. उत्तर क्रमाने येईल. शेवटचं पान आधी वाचू नकोस. वाचशीलच, पण वाचू नकोस.

वैजनाथ सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा शर्यती सोडणारी रेस ऑफिसर मला केलं. निवडीचं कारण समितीने लेखी दिलेलं नाही. तोंडी दिलं ते असं, की नियमांचं पुस्तक अख्खं वाचलेली क्लबमध्ये मी एकटीच आहे. श्रीनिवास काकांनीही वाचलंय, पण ते स्वतः शर्यतीत असतात आणि पुस्तकाचा उपयोग दुसऱ्यांवर करतात. तुला ते आठवतच असतील. कोथरूडचे, जन्मभर जमिनीच्या दाव्यांची वकिली केलेले, तक्रारीचा लाल झेंडा एक होडीवर आणि एक खिशात ठेवणारे. हल्ली त्यांची पुतणी मैत्री त्यांच्या होडीवर असते. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि काकांशी फक्त पाठीच्या कण्याबद्दल बोलते.

अट एकच होती. दोन दिवसांत तीन शर्यती पूर्ण झाल्या तरच रेगाटा ग्राह्य. नाही झाल्या तर करंडक कपाटात आणि पुढच्या वर्षीचं यजमानपद दुसऱ्या क्लबकडे. समितीने हे मला तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीनदा कळवलं, म्हणजे ते गंभीर होतं. त्यात तीस वर्षांत पहिल्यांदाच हे काम एका बाईकडे, तेही तिशीच्या आतल्या. तेव्हा रेगाटा बुडाली असती तर ती वाऱ्यामुळे बुडाली असं कुणी म्हटलं नसतं.

भोंगा वाजवायला माणूस मिळत नव्हता, म्हणून अब्बांना घेतलं. त्यांना मी शर्यतीची पद्धत इतक्यांदा शिकवली की आता ती मला झोपेतही म्हणता येईल. सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी एक झेंडा वर. मग दुसरा वर. शेवटचं एक मिनिट राहिलं की दुसरा खाली. पहिला खाली आला की सुटा. प्रत्येक वेळी एक भोंगा. काही बिनसलं तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा वर, दोन भोंगे, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. तो खाली आला की एक भोंगा आणि बरोबर एका मिनिटाने मोजणी पहिल्यापासून. अब्बांनी हे सगळं पाठ केलं, शर्टाला कडक इस्त्री केली आणि अम्मीला सांगितलं, फॅक्टरीत आयुष्यभर दुसऱ्याच्या भोंग्यावर उठलो, आता माझ्या भोंग्यावर दुनिया हलणार. नेमकं शनिवारी सकाळी निघताना मी त्यांना राहिलेला नियम सांगितला. वेळ झेंड्यावरून मोजतात. भोंगा वाजला नाही तरी सिग्नल ग्राह्य असतो. शिवाजीनगरला त्यांनी स्कूटरवर मागे बसून हेल्मेटची काच वर केली. मग म्हणाले, “म्हणजे मी शोभेला.” मी म्हटलं, लक्ष वेधायला. त्यावर त्यांनी सिंहगड रस्ता संपेपर्यंत लक्ष वेधलं नाही.

आता माझ्या कलमाबद्दल. रेगाटाच्या सूचनांमध्ये मी कलम अकरा स्वतः घातलं. वारा सलग दहा मिनिटं सहा नॉटच्या खाली न येता वाहिला तरच शर्यत सुरू होईल, आणि तो मोजायचा समितीच्या बोटीवरच्या वारामापकाने. हे यंत्र मी आमच्या प्रयोगशाळेतून रजेच्या अर्जासकट मागून आणलं होतं आणि स्वतः तपासून घेतलं होतं. दिवसभर लोकांचे प्रवाहमापक तपासते, तेव्हा यात चूक होणं शक्य नव्हतं. झालीही नाही. यंत्र अगदी बरोबर होतं. तू इथे असताना म्हणायचास, मिसबा वाऱ्याकडूनसुद्धा पोचपावती घेईल. मी तेव्हा हसले नव्हते. आत्ताही हसत नाहीये, फक्त नोंद करते आहे.

शनिवारी सकाळी क्लबसमोर धरणाचं पाणी काचेसारखं. मी पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा वर चढवला, अब्बांनी दोन भोंगे दिले. काठावर कणसं खायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सुटले. मग बराच वेळ कुणीच सुटत नाही म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. एकाने ढकला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने इंजिन कुठे असतं ते विचारलं. अब्बा प्रत्येकाला उठून उत्तर देत होते.

जेवणाच्या सुमारास वारा आला. छान आला, पश्चिमेकडून. शिडं फुगली, होड्या कलल्या, पोरं बाहेर लटकून ओरडायला लागली. मी यंत्राकडे बघत होते. सात, साडेसहा, सात, मग नवव्या मिनिटाला पाच पूर्णांक आठ. कलमाप्रमाणे मोजणी पुन्हा शून्यापासून. पुन्हा सात, आठ, सात आणि सातव्या मिनिटाला साडेपाच. पुन्हा शून्य. असं किती वेळा झालं ते मी लिहून ठेवलंय, पण तुला सांगणार नाही. तोवर सगळ्या होड्या आमच्याभोवती सुसाट घिरट्या घालत होत्या आणि डोक्यावर माझा झेंडा थांबा म्हणत होता. तोही त्याच वाऱ्यावर ताठ फडफडत. श्रीनिवास काका दर फेरीला आमच्या बोटीजवळून जायचे. पहिल्या फेरीला त्यांनी वेळ विचारली. दुसऱ्या फेरीला वाऱ्याचं वय पूर्ण नाही का, असं विचारलं. तिसऱ्या फेरीला ते जवळजवळ आडवे होऊन, अर्धे पाण्यात भिजत गेले आणि म्हणाले, “मिसबाताई, आमची काही घाई नाही. माझं मृत्युपत्र झालेलं आहे.” मैत्री मागून एवढंच म्हणाली की त्यांना कंबर सरळ ठेवायला सांगा.

अब्बांनी एकदाच विचारलं, आता सोडायचं का. मी म्हटलं, दीड मिनिट राहिलंय. ते इन्शाअल्लाह म्हणाले, पण यंत्राकडे बघून नाही.

अखेर चार वाजायच्या सुमारास दहा मिनिटं पूर्ण झाली. मी झेंडा उतरवला, एका मिनिटाने मोजणी सुरू केली, पहिला झेंडा वर गेला, दुसरा वर गेला आणि वारा मेला. कमी झाला नाही, इरफान, मेला. शिडं ओल्या चादरींसारखी लोंबायला लागली. मी पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा पुन्हा चढवला. काठावरचे लोक कणसाची बुरखुंडं टाकून घरी गेले. दिवसाअखेर शर्यती शून्य.

काकांनी संध्याकाळी दाद मागण्याचा अर्ज दिला. अर्जात ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ होते, प्रतिवादी मी. व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीन पंच बसले, चहा आला, आणि काकांनी मला उलटतपासणीला घेतलं. दुपारी माझी होडी चालत होती का, त्यांनी विचारलं. चालत होती. कललेली होती का? बरीच. मी बाहेर लटकलो होतो का? हो. “मग वारा नव्हता, हे माझ्या होडीला कुणीच कसं कळवलं नाही?” मी म्हटलं, वारा होता, पण पात्र नव्हता. पंचांपैकी एकाने चहा नाकातून बाहेर काढला. मला ते वाक्य आजही तांत्रिकदृष्ट्या योग्य वाटतं. पण व्हरांड्यात मोठ्याने ऐकल्यावर ते वेगळंच वाटलं, आणि सगळे हसत असताना मी काही वेळ दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते.

निकाल असा, की दाद मिळणार नाही. सगळ्यांचं सारखंच नुकसान झाल्यामुळे कुणाचं नुकसान झालेलं नाही. काकांना हा तर्क इतका आवडला की हरूनही त्यांनी तो लिहून घेतला. मात्र पंचांनी जाता जाता एक मत नोंदवलं. शर्यत होईल इतका वारा आहे का, हे ठरवायला क्लबने माणूस नेमला आहे, यंत्र नव्हे.

परत येताना स्कूटर सिग्नलला थांबली तेव्हा अब्बा मागून म्हणाले, “इरफानच्या अम्मीचा आज परत फोन होता. मी सांगितलं, मोजमाप चालू आहे.” हिरवा लागला. त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला एकदा ठक्कन लागलं. ब्रेकमुळे लागलं असावं.

रविवारी सकाळी, मुदतीच्या आत, मी सूचनाफलकावर बदल लावला. कलम अकरा रद्द. यंत्र पेटीत घालून पेटी पायाखाली ठेवली. वारा शनिवारपेक्षा वाईट होता. कधी पाच नॉट, कधी साडेतीन असेल. असेल म्हणते, कारण मी मोजला नाही; पाण्यावरच्या सुरकुत्या पाहिल्या आणि झेंडा उतरवला. पहिली शर्यत इतकी सावकाश झाली की वळण दाखवणाऱ्या मधल्या तरंगत्या बोयापाशी दोन होड्यांनी केळी वाटून खाल्ली, पण झाली. दुसरीत वारा फिरला, बोया हलवावा लागला, तरी झाली. तिसरीच्या वेळी सूर्य डोंगराला टेकत आला होता. हीच झाली नसती तर सगळं पाण्यात गेलं असतं.

मोजणी नीट चालली होती. शेवटचा झेंडा मी खाली खेचला आणि अब्बांनी भोंग्याचं बटण दाबलं, तर भोंगा नुसताच फुसफुसला. बाटलीतला गॅस संपला होता. झेंडा बघणाऱ्या सगळ्या होड्या सुटल्या. एकटे श्रीनिवास काका, ज्यांना हा नियम कलमासकट पाठ आहे, मान वळवून मैत्रीला कण्याबद्दल काहीतरी सुनावत आवाजाची वाट बघत थांबले. ते बघून अब्बांना राहवलं नाही. ते बोटीत उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोंऽऽऽ असं ओरडले. फॅक्टरीचा सकाळचा भोंगा, हुबेहूब. अख्खं धरण क्षणभर थांबलं. काका त्या आवाजावर सुटले, सर्वात शेवटी.

काठावर आल्यावर ते खिशातला लाल झेंडा हातात घेऊनच आले. समितीच्या सदस्याचं तोंड हे ध्वनियंत्र धरायचं का, हा त्यांचा मुद्दा होता. मी नियम दाखवला, आवाज नसला तरी झेंडा खरा. ते म्हणाले, नियम मला माहीत आहे, पण आवाज होता. पंचांनी बऱ्याच चर्चेनंतर ठरवलं की होता, पण नसता तरी चाललं असतं. काकांनी अब्बांशी हस्तांदोलन केलं आणि पुन्हा वाजवून दाखवायची विनंती केली. अब्बांनी दोनदा वाजवला. तीन शर्यती पूर्ण, रेगाटा ग्राह्य, करंडक एका शाळकरी मुलीला.

आता तुझा प्रश्न. रॅम्पवर आपली होडी धुताना, पाण्याचा पाइप माझ्या हातात असताना तू लग्नाचं विचारलंस आणि मी म्हटलं, विचार करून सांगते. तेव्हापासून तो पट्ट्यापट्ट्यांचा झेंडा वर आहे. तुझी नोकरी, माझी नोकरी, कोची, तुझ्या अम्मीचा स्वभाव, माझा स्वभाव. दर वेळी नवव्या मिनिटाला काहीतरी सहाच्या खाली यायचं आणि मी पुन्हा शून्यापासून सुरू करायचे. वारा होता, इरफान. सगळ्यांना दिसत होता. माझी होडीसुद्धा कललेली होती. तर हे पत्र त्यासाठी. झेंडा मी खाली घेतला आहे. मोठा आवाज माझ्याकडून येणार नाही, मला तो काढता येत नाही. तू झेंडा बघ, तोच खरा. शिपयार्डला नाही म्हणून कळव. तुझ्या अम्मीला सांग, अब्बांना पुन्हा फोन करा, या खेपेला ते मोजमापाचं बोलणार नाहीत. आणि जानेवारीच्या शर्यतीसाठी आपल्या होडीची नोंदणी मी आज सकाळीच केली. सुकाणूवर मी, पुढच्या शिडाला तू. हरकत असेल तर मुदतीत लेखी दे. पण पंच अब्बा आहेत आणि त्यांनी भोंग्याची नवी बाटली आणून ठेवली आहे.

तुझीच,
मिसबा