खांडीच्या तोंडातले पंचाहत्तरीचे नाणे

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. प्रदर्शन साहित्य अधिकारी,
फिरते नाणे-प्रदर्शन कक्ष, रोहा.

अर्जदार : बायजाबाई कान्हू म्हात्रे, वय ७८, पूर्वी मिठागरात मजुरी, हल्ली घरकाम, राहणार मौजे दांडखार, ता. पेण, जि. रायगड.

विषय : स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांचे चांदीचे स्मारक नाणे हजर करता येत नसल्याबाबत, व ते आहे तिथेच राहू देण्याबाबत.

संदर्भ : आपली तिसरी व अंतिम नोटीस, दि. ३० जून २०२५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि माझी सून वैशाली लिहिते आहे. जिथे भाषा सरकारी आहे ती तिची, जिथे घसरली ती माझी.

१. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या कक्षाची गाडी आमच्या शाळेत तीन नाणी घेऊन आली. पंचवीस वर्षांचे, पन्नास वर्षांचे आणि पंचाहत्तर वर्षांचे. मिठागरात राबलेली सर्वांत म्हातारी बाई म्हणून मला पुढे बसवले. तेव्हाच्या साहेबांनी फोटोसाठी मला पदर पसरायला सांगितला आणि नारळ, खण व पंचाहत्तरीच्या नाण्याची निळी डबी माझ्या ओटीत घातली. घरधनी गेलेल्या बाईची ओटी कोणी भरत नाही, पण हे साहेबांना कोणी सांगितले नाही. फोटो झाला, एका कागदावर अंगठा झाला. तेवढ्यात ड्रायव्हरने हाक दिली की भरती रस्त्यावर चढते आहे, आणि गाडी निघून गेली.

त्या कागदावर ‘केवळ छायाचित्रापुरते, परत करण्याच्या अटीवर’ असे होते, हे मला आपल्या पहिल्या नोटिशीने कळले. आमच्यात ओटीत घातलेले कोणी परत मागत नाही आणि कोणी परत देत नाही. दिले तर घालणाऱ्या घराला कमीपणा येतो. सरकारला कमीपणा यावा असे माझ्या मनात नव्हते, म्हणून मी गाडीमागे धावले नाही.

२. त्याच महिन्याच्या अमावास्येला उधाण आले आणि खाडीने आमचा बांध फोडला. बांधाला असे तोंड पडले की आम्ही त्याला खांड म्हणतो. त्या तोंडातून खारे पाणी शेतात आले, पोटरीतल्या भातात उभे राहिले, गोड्या विहिरीपर्यंत पोचले. पाच दिवस सगळा गाव खांडीवर होता. पुरुष छातीएवढ्या पाण्यात, बायका चिखलाचे गोळे हातोहात देत. शेवटचा गोळा बसण्याआधी खांडीच्या तोंडात चांदी ठेवायची असते. ज्या घराची पाळी, त्या घरच्या बाईने आपली ठेवायची. माझ्या सासूने पैंजण ठेवले होते. मी १९८९ च्या खांडीत जोडवी ठेवली. या वेळी पाळी पुन्हा आमचीच होती. घरधनी गेल्यापासून माझ्या अंगावर चांदी नाही. ओटीत आलेली तेवढी घरात होती.

माझा हात जरा अडखळला. माझा धाकटा दीर गुणाजी खांडीत उभा होता, तो म्हणाला, “दे गो वयनी. सरकारी चांदी हाय. खाडी पन हात लावायच्या आदी अर्ज करील.” थकलेली माणसे त्या चिखलात हसली. मी नाणे ठेवले, वरून गोळा बसला, पाणी थांबले. आज चौथा पावसाळा. आत भात आहे, बाहेर खाडी आहे, आणि मधे ते नाणे आहे.

३. पहिली नोटीस आली तेव्हा जिते स्टेशनावरून गाडी धरून मी रिकामी डबी घेऊन रोह्याला आले. आपल्या कक्षातल्या बाईंनी मला चहा दिला, हे मी विसरले नाही. त्यांनी सांगितले, नाणे आणा, नाहीतर ते बांधात आहे असा पेणच्या बांध कार्यालयाचा दाखला आणा. मी पेणला गेले. तिथले साहेब म्हणाले, खणून पाहिल्याशिवाय दाखला देता येत नाही आणि पावसाळ्यात बांध खणता येत नाही. तसे त्यांनी लेखी दिले. ते घेऊन रोह्याला आले, तर पावसाळा संपल्यावर खणा असे उत्तर मिळाले. पावसाळा संपल्यावर पेणला गेले, तर कळले की शाबूत बांधाला कधीच फावडे लावता येत नाही. फुटला तरच हात घालता येतो. साहेब, बांध फुटला तर नाणे शोधायला परवानगी आहे, पण फुटला तर नाणे खाडीने नेलेले असेल.

४. माझा मुलगा हरेश याने हौशी संग्राहकाकडून अगदी तसेच दुसरे नाणे मिळवून आपल्याकडे आणले. ते परत केले गेले, कारण आपल्या नोंदीप्रमाणे मूळ नाण्याच्या कडेला बारीक ओरखडा आहे आणि याला नाही. पाडून देऊ का, असे हरेशने विचारले. त्याला बाहेर बसवले. ते त्याने खरेच मदत म्हणून विचारले होते.

५. निदान जागा तरी दाखवता यावी म्हणून आम्ही नागोठण्याहून धातू शोधायचे यंत्र आणले. ते बांधावर एका ठिकाणी नाही, नऊ ठिकाणी वाजले. माझ्या वयाची हौसा, शेजारीण, यंत्रामागून चालत होती. ते वाजले की ती सांगायची, ही तुझी सासू, ही माझी आय, ही तू. कुठली चांदी सरकारची आणि कुठली कुणाच्या पायातली, हे यंत्राला सांगता येत नाही. आपल्याला एक नाणे हवे आहे. त्यासाठी नऊ जणींना उठवावे लागेल.

६. नोटिशीत लिहिले आहे की २५ जुलैपर्यंत नाणे हजर केले नाही तर शासकीय वस्तूच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला जाईल. २४ जुलैला अमावास्या आहे, मोठे उधाण आहे. गावात मला नाणे काढ असे कोणी म्हणत नाही, काढू नको असेही कोणी म्हणत नाही. पण मी बांधावरून चालले की लावणीतल्या बायका वाकलेल्या उठतात आणि माझ्या हाताकडे बघतात, फावडे आहे का म्हणून. काल हौसा दारात येऊन बसली. मग म्हणाली, “तुरुंगात खारं पानी येत नाय गो. तू जा.” ती हसत होती. मला हसता आले नाही.

७. तरी माझी विनंती अशी की, २४ जुलैला दुपारच्या भरतीला आपण स्वतः दांडखारला यावे. मी आपल्याला खांडीच्या जागेवर नेईन. एका बाजूला खाडी बांधाच्या काठाशी आलेली असेल, दुसऱ्या बाजूला नुकते लावलेले भात असेल. तिथे आपण उभे राहावे. भरती उतरेपर्यंत आपले पाय कोरडे राहिले, तर नाणे जागेवर आहे असे समजून नोंदवहीत ‘प्रत्यक्ष पाहिले, सुस्थितीत, कामावर आहे’ असे लिहावे. पाय भिजले, तर मी स्वतः खांडीत उतरून ते शोधीन, मग परवानगी लागणार नाही.

आणि खणायचेच ठरले, तर पहिले फावडे आपण मारावे. गावातला कोणी मारणार नाही, आणि माझ्याने होणार नाही.

आपली नम्र,
बायजाबाई कान्हू म्हात्रे
(अंगठा इथे नाही, सोबतच्या डबीत आहे.)

सोबत :
१) आपल्या तीनही नोटिशींच्या प्रती.
२) पेणच्या बांध कार्यालयाचे पत्र.
३) नाण्याची निळी डबी, मूळ. नाण्याच्या खळग्यात बांधाची माती भरली आहे. माती ओली असताना तिच्यावर माझा डावा अंगठा दाबला आहे. आता ती वाळली आहे. प्रदर्शनात तिसरी जागा रिकामी दिसू नये म्हणून तूर्त ही ठेवावी.