समुद्र ओलांडला कुणी?

शनिवार, ९ एप्रिल १९४९. सॅन फ्रान्सिस्को

पोहोचलो. चिरंजीव माधव ज्या साखर कारखान्यात नोकरीस आहे, तेथून त्याच्याच मोटारीने आलो. दोन महिने त्याच्या बिऱ्हाडी राहिलो; आता बोट सुटेपर्यंत हे समुद्रकाठचे शहर पाहायचे. त्याने रजा काढली आहे.

शहर कसले, नुसता चढ! हरिश्चंद्रगड परवडला. रस्त्याच्या पोटात एक दोर अखंड फिरतो. त्याला धरून गाडी वर सरकते. सौ. दमयंती दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. भ्याली असे मी समजलो. उतरल्यावर म्हणते, "अहो, पुन्हा एकदा बसू या ना!"

रविवार, १० एप्रिल

तांबडा लोखंडी पूल पाहिला — म्हणजे अर्धा पाहिला. उरलेला धुक्यात, परब्रह्मासारखा, आहे म्हणायचे, दिसत नाही. वारा असह्य. माधवने आपला कोट आईच्या खांद्यावर टाकला. लुगड्यावर कोट! एक गोरी बाई थांबून काही बोलली. माधव म्हणाला, "आई, तुझं लुगडं फार सुंदर आहे म्हणतात त्या." "सांग त्यांना, येवल्याचं आहे."

कोळ्यांच्या धक्क्यावर खेकडे उकळत होते. मी उपरणे नाकाला लावले. ही म्हणाली, "आपल्या बाजारात मासळी नसते वाटतं? तिथून तर रोज जाता!" माधव हसला. मीही, थोडा.

परतताना तो विषय मीच काढला. गाव सोडताना देवळाचे काम पाहणाऱ्या यज्ञेश्वरशास्त्र्यांना शब्द दिला आहे — परतल्यावर आम्ही उभयता समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घेऊ. त्यावाचून चातुर्मासात देवळात पुराण सांगण्यास मला बसता येणार नाही, आणि हिच्या हातचे पाणीही कोणी घेणार नाही.

"शब्द तुम्ही दिलात," ही म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं? युद्धाच्या आधी गेलेलं लेकरू आत्ता डोळ्यांना दिसलं. त्याचं कसलं प्रायश्चित्त? मी नाही घेणार."

पुराण गेले तर माझे उरते काय? आणि हिला पंक्तीबाहेर बसवून मी कोणत्या तोंडाने गृहस्थधर्म सांगू?

सोमवार, ११ एप्रिल

समुद्रातल्या खडकांवर अजस्र जलचर पाहिले. लोळतात, कुशीवर वळतात, कुत्र्यासारखे भुंकतात. ही म्हणाली, "पंगत उठल्यावर ओसरीवर आडवे झालेले तुमचे वैदिकच!" रागवावे की हसावे कळेना. हसलो.

सायंकाळी माधवने नकाशा पसरून आपण कोठे आहोत ते बोट ठेवून दाखवले. गोदाकाठचे आमचे पुणतांबे त्या कागदावर नव्हतेच.



मंगळवार, १२ एप्रिल

आजचे सविस्तर लिहितो.

पूजेस बसलो. तळहातावर पाणी घेऊन संकल्प म्हणू लागलो — जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे — आणि जिव्हा थांबली. कालचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहिला. पूजा कोठे बसून करतो ते देवास सांगायचे, यासाठीच संकल्प. आणि मी जन्माच्या सवयीने या देशातही रोज पुणतांब्याचेच स्थळ सांगत आलो! सारी पूजा असत्यावर! आता म्हणू तरी काय? हे कोणते द्वीप? येथली नदी कोणती?

ही सहाणेवर गंध उगाळत होती. "थांबलात का?"

सांगितले. क्षणभर ओठ दाबून धरले तिने. मग खोड बाजूला ठेवले आणि जी हसू लागली!

"म्हणजे रोज देवासमोर हातात पाणी घेऊन सांगता, मी गोदेच्या दक्षिण काठावर बसलोय म्हणून?"

"चूक झाली खरी."

"मग समुद्र ओलांडला कुणी? देवाच्या लेखी तर तुम्ही घाटावरून हललाच नाहीत! प्रायश्चित्त कशाचं घेताय?"

आयुष्यभर पुराण सांगितले. शंका काढणारे पुष्कळ भेटले. असा पूर्वपक्ष कोणी केला नव्हता. यात हेत्वाभास आहे, तर्काची फसगत आहे, हे मला कळते. तरी हसू आवरेना! तळहातावरचे पाणी सांडले. पुन्हा घेतले. या वेळी स्थळ जाणूनबुजून तेच म्हटले.

छातीवरचा धोंडा उतरला. हिला आग्रह करणार नाही. पुढचे पुढे.

बुधवार, १३ एप्रिल. बोटीवर

माधव धक्क्यावर दिसेनासा झाला. ही रडली नाही. "पोटभर पाहिला," एवढेच म्हणाली.

शुक्रवार, ३ जून. पुणतांबे

स्टेशनवर यज्ञेश्वरशास्त्री स्वतः आले होते. "या, अमेरिकावासी! शेंडी शाबूत आहे ना?" मग हळूच, "रविवारी घाटावर दोघांचंही उरकून टाकू. आषाढीपासून पुराण. लोक तुमचीच वाट पाहताहेत." मी "पाहू" म्हटले. हिने ऐकले.

घरी भांडी घासणारी बनुबाई दारातच उभी. "काकू, समिंदर लई मोठा असतोय म्हनं?"

"आपल्या गोदेसारखाच गं. पलीकडचा काठ तेवढा दिसत नाही."

रविवार, ५ जून

सकाळी घाटावर न जाता थेट शास्त्र्यांकडे गेलो. म्हटले, आम्ही प्रायश्चित्त घेणार नाही; पुराणास दुसरा नेमावा. "वहिनी ऐकत नाहीत म्हणून?" "नाही. मलाच पटत नाही म्हणून." निघालो. पाय इतके हलके कित्येक वर्षांत पडले नव्हते!

घरी पाहतो तो ही ओल्या केसांनी तुळशीपाशी, पुढ्यात पंचगव्याची रिकामी वाटी. मी घाटावर गेलो असे समजून, माझी पाठ वळताच उपाध्ये विष्णुपंतांना बोलावून एकटीनेच प्रायश्चित्त उरकले होते. "पुराण बंद झालं तर जगाल का तुम्ही?" म्हणाली.

मी काय करून आलो ते सांगितले. बघतच राहिली. मग पदराने ओठ पुसत म्हणाली, "अगंबाई! म्हणजे ते मी फुकटच प्यायले!"