माझ्या वाटणीचे आठवडे

मी, या भागात जिला सगळे चष्मेवाली म्हणतात ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण ते डॉक्टरांच्या दाखल्यात आले आहे आणि दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मला दबावाखाली ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. वकीलबाईंनी बजावले होते की पाल्हाळ नको, फक्त काय कोणाला ते लिहा. त्यांना म्हटले, बघते. बघितले आणि जमले नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी. निम्मे माझ्या नावावर, निम्मे पोरीच्या बाबाच्या. कायद्याच्या भाषेत तो माझा घटस्फोटित पती, पण तो शब्द लिहिताना पेन अडते, म्हणून सगळीकडे पोरीचा बाबा असेच लिहिले आहे. त्याचा धंदा नळाचा. माझा निम्मा हिस्सा मी आमच्या एकुलत्या एका मुलीला देत आहे. त्याला एक अट आहे, ती कलम ६ मध्ये येईल. बाई गं, मधली कलमे वाच, एकदम शेवटाकडे उडी मारू नकोस. तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

कलम २. हे घर असे निम्मे का, ते मुलीला ठाऊक आहे, पण तिच्या मुलाबाळांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून नोंदवते. आम्ही दोघे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. भांडायला विषय लागत नसे, मिठाचा डबा उघडा राहिला एवढे पुरे. पोर तेव्हा दुसरीत होती. आवाज चढले की दप्तर पाठीला लावून जिन्यात जाऊन बसायची, शाळेला सुट्टी असली तरी. ते पाहून आम्ही दोघे, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच एकमत होऊन, वकीलबाईंकडे गेलो.

तिथेही सुरू झालेच. मी म्हटले, "पोरीचा ताबा मला हवा."

तो म्हणाला, "मग मी पोटगी देणार नाही. ज्याच्याकडे पोर, त्याने पोसावं."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावले. "थांबा दोघंही. दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारू नका. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे. बाई, तो यांच्याकडून वसूल करायचा दंड नाही. आणि साहेब, ती तुमची मेहेरबानी नाही. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद करता येत नाही, आणि भेट झाली नाही म्हणून पैसे अडवता येत नाहीत. राहता राहिला ताबा. पोर म्हणजे कपाट आहे का, कोणाच्या घरी ठेवायचं ते ठरवायला? कोर्ट बघेल तिचं भलं कशात आहे ते."

कोर्टाने तिलाच आत बोलावून विचारले. दप्तर घेऊनच गेली ती आत. न्यायाधीशांना म्हणाली, "मला माझ्या खोलीत राहायचंय. यांनी कुठे राहायचं ते यांनी बघावं."

आणि तसेच ठरले. पोर घरात राहणार, घर बदलणार आम्ही. एक आठवडा माझा, एक त्याचा. त्याच्या आठवड्यात मी माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या आठवड्यात तो त्याच्या भावाच्या गोदामात, पाइपांच्या शेजारी खाटेवर. घरखर्चात दोघांनी ऐपतीप्रमाणे घालायचे. अदलाबदल रविवारी संध्याकाळी. एकाने पाचला बाहेर पडायचे, दुसऱ्याने साडेपाचला यायचे. मधला अर्धा तास वरच्या मजल्यावरच्या काकू पोरीजवळ बसत. म्हणजे आमची जिन्यात गाठसुद्धा पडायला नको. वकीलबाईंनी सगळे लिहून घेतले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगायची, तिच्यावर फक्त मुलीविषयी लिहायचे. एकमेकांविषयी एक अक्षर नाही.

कलम ३. माझी नणंद. कोर्टाच्या व्हरांड्यात हिने पोरीला बाजूला घेऊन विचारले होते, "खरं सांग, तुला आई जास्त आवडते की बाबा?" पोर त्या दिवशी जेवली नाही. माझ्या दुकानातला गिऱ्हाइकांचा मोठा आरसा मी नणंदेला देत आहे. तिने रोज त्यात पाहावे. दुसरे काही मागायला आल्यास दारातूनच वाटेला लावावे.

कलम ४. दुकान, भिंगे घासायचे यंत्र, फ्रेमा, बारीक पेचकस आणि गिऱ्हाइकांची उधारी दुकानातल्या ताईला. यंत्राइतकेच तिने मलाही सांभाळले आहे. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे भागवावे, उरेल ते मुलीचे. दागिने फारसे नाहीत. आहेत तेही तिचेच.

कलम ५. पाटी. ही मी कोणालाच देत नाही. ती आहे तिथेच राहावी, कारण सांगते.

पोर सज्ञान झाली, शिकली, नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. खोली रिकामी झाली. कोर्टाची व्यवस्था तिथेच संपली होती, पण ते त्याने मला सांगितले नाही आणि मी त्याला सांगितले नाही. रविवार आला की मी पाचला बॅग घेऊन बाहेर, साडेपाचला तो आत. काकूंनी एकदा विचारले, "अगं, पोर तर नाही घरात. मी आता कोणाजवळ बसायचं?" मी म्हटले, "बसा हो, गॅस बंद आहे ना तेवढं बघा."

परवा मृत्युपत्राचे विचारायला गेले तेव्हा वकीलबाईही चकित झाल्या. "अहो, तो हुकूम केव्हाच संपला! तुम्ही अजून आळीपाळीने...?" मी मान डोलावली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मीच पुसून दिला असता नीट.

पण नियम म्हणजे नियम, पाटीवर फक्त मुलीविषयी. मग मी लिहायला लागले, "मुलीला चहाची नवी गाळणी हवी आहे." पुढच्या खेपेला गाळणी आलेली असे. तो लिही, "मुलीच्या बाथरूमचा नळ बदलला." त्याच्या चष्म्याची काडी ढिली झाली की तो चष्मा ओट्यावर ठेवून जाई, पाटीवर एक शब्द नाही. मी पेच घट्ट करून ठेवी. असे चालले होते आमचे, आणि बरे चालले होते. संसारात इतके बरे कधी चालले नव्हते.

मग माझे निदान झाले. ते कोणाला सांगायचे? मला एकच माणूस आठवला. रविवारी निघताना मी पाटीवर लिहिले, "मुलीला बरे नाही. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत." मला वाटले, गाळणी कळते त्याला हेही कळेल.

नाही कळले. बाप माणूस, मुलीचे नाव दिसले आणि डोके गहाण पडले. मिळेल त्या बसने तिच्या शहरात पोचला. दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन. "आई, बाबा आलाय. पिशवीभर मोसंबी घेऊन. दारातच माझ्या कपाळाला हात लावून रडायला लागला. मी ठणठणीत आहे म्हटलं तर ऐकेचना. तू काय लिहिलंस गं पाटीवर?"

"काही नाही, भलतंच लिहिलं गेलं."

ती म्हणाली, "आई, मग बरं कोणाला नाहीये?"

मी म्हटले, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवून दिला. दूध नव्हतेच. दुकानातल्या स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले. ताईने शटर अर्धे खाली ओढले.

माझ्या पाळीला घरी गेले तर पाटीवर त्याच्या अक्षरात होते, "मुलगी अगदी छान आहे. स्वतः पाहून आलो. काळजी नसावी." ओट्यावर उरलेली मोसंबी होती. ते मी पुसलेले नाही. कोणी पुसू नये.

कलम ६. आता अट. मी गेल्यावर माझे आठवडे मोकळे पडतील. तो आपण होऊन ते वापरणार नाही, मी ओळखून आहे. रविवारी पाच वाजले की पिशवी उचलून गोदामात जाईल, आणि इकडे घराला कुलूप. त्या ओलीत आता त्याची छाती टिकणार नाही. हिवाळाभर खोकत होता, उशीखाली गोळ्यांची पाकिटे सापडत होती. म्हणून माझ्या वाटणीचे सर्व आठवडे मी पोरीच्या बाबाला देत आहे. तो आहे तोवर त्याने सलग या घरात राहावे. मुलीने तोपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि बाबाला गोदामात झोपलेला पाहिल्यास हात धरून घरी आणावे. तो म्हणेल, हे तिचे आठवडे आहेत. त्याला हे कलम दाखवावे. हुकूम असल्याशिवाय तो ऐकत नाही.

कलम ७. माझ्या कपाटातल्या वरच्या खणात त्याचा नवा चष्मा आहे. पाटीवरचे त्याचे अक्षर गेली काही वर्षे मोठे मोठे होत चालले आहे, त्यावरून नंबर अंदाजाने वाढवला आहे. चुकला तर ताई दुरुस्त करून देईल. मिठाचा डबा उघडा ठेवायला माझी हरकत नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी कबूल केले आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असे त्या म्हणाल्या, म्हणून पोरीच्या बाबाची सही यावर नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे, बरोबर आहे. सही करताना दोन्ही साक्षीदार समोर होते आणि त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या. सह्यांनंतर एवढे जोडते: डॉक्टर गेले. काकू उठता उठता म्हणाल्या, "अगं, पाच वाजून गेले, तुझी बॅग कुठाय?" त्यांना म्हटले, काकू, आज तुम्ही वर जा. आज इथे मी बसते.

सही: चष्मेवाली

साक्षीदार: १. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. २. वरच्या मजल्यावरच्या काकू.

स्थळ: घर, स्वयंपाकघरातले टेबल, समोरची खुर्ची ओढून ठेवलेली.

दिनांक: रविवार. वेळ: मधला अर्धा तास, जो कोर्टाने आम्हा दोघांपैकी कोणालाच दिला नव्हता.