फाडलेली चार पानं

मी, गोदावरी कमलाकर देगावकर, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका आणि नाटककार, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, आज रोजी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडायचं कारण असं की पुढे याच कागदात वांगी येणार आहेत, आणि ती वाचून माझा पुतण्या मुकुंद 'काकूचं डोकं फिरलं होतं' असं म्हणेल. त्याने दाखला आधी वाचावा आणि मग वांग्यांकडे वळावं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. माझं राहतं घर माझ्या यजमानांनी, कै. कमलाकर यांनी, आयुष्यभर कारकुनी करून बांधलं आणि माझ्या नावावर केलं. आम्हाला मूलबाळ नाही. हे घर मुकुंदला द्यावं. दर वर्षी पावसाच्या आधी तो न सांगता येतो, वर चढतो आणि पत्रे नीट करून जातो, हे मी विसरलेले नाही. आमचं भांडण नाटकावरून आहे, पत्र्यांवरून नाही. माझ्या दोन पाटल्या त्याची बायको लीला हिला द्याव्यात. तिने त्या घालाव्यात किंवा मोडाव्यात, सासरच्या कोणी तिला विचारू नये.

कलम २. रंगभूषेची पेटी, दोन टोप आणि प्रॉम्प्टरचा कंदील मी जिथे शिकवलं त्या मुलींच्या शाळेला द्यावा. टोपांपैकी एक मिशीवाल्या राजाचा आहे. मुलींनी राजा व्हायला लाजू नये. आम्ही लाजलो नाही.

एका टीकाकाराने, त्याचं नाव लिहून मी या कागदाची शोभा घालवणार नाही, एकदा छापलं होतं की सोलापूरच्या बायका लोणचं घालावं तशी नाटकं घालतात. त्याला मी काहीच ठेवीत नाही. लोणचंसुद्धा नाही.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. मी तीन तीन-अंकी नाटकं लिहिली. त्यांतलं 'वरचा मजला' गेली वीस वर्षं या जिल्ह्यात गणपतीत आणि जत्रेत लागतंय. चांगलं नाटक आहे. पण तीन अंक भरायला त्यात मला दोन पात्रं फुकट पोसावी लागली, हे मलाच ठाऊक आहे. मुकुंद आमच्या नाट्यमंडळाचा कार्यवाह. माझ्या सत्तरीला माझी समग्र नाटकं छापायची असं मंडळाने ठरवलं. मी म्हटलं, छापा, पण त्याच पुस्तकात माझ्या तीन सोबत्यांच्या तीन एकांकिका आल्या पाहिजेत. त्यावर मुकुंद म्हणाला, "काकू, एकांकिका म्हणजे मधल्या वेळचं खाणं. पुस्तकाला वजन यायला तीन अंक लागतात."

मी म्हटलं, "वजनच हवं असेल तर पुस्तकाला वरवंटा बांध."

तेव्हापासून तो रागावला आहे. मीही. म्हणून त्या तीन एकांकिका काय आहेत हे मी इथे लिहून ठेवते. ज्याला वाद घालायचा असेल त्याने मी मेल्यावर घालावा, म्हणजे मला मधे बोलता येणार नाही आणि त्याला जरा सोपं जाईल.

पहिली, 'रांग'. लेखक रावजी एकतपुरे, श्रीपूरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर लिहिणारा. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे आणि दोन गाडीवान आपापल्या गाडीखाली बसून बोलताहेत. बोलणं कशावर? एकाचा बैल दुसऱ्याच्या गाडीतलं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, खातो यावर. बावीस मिनिटं हेच चालतं. शेवटी पुढची गाडी हलते, हे दोघं उठतात, बैल एका गाडीभर पुढे नेतात आणि परत तसेच बसतात. बस. आम्ही लिहिणारे एकमेकांना वाचून दाखवायला जमायचो, त्या बैठकीत मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा म्हटलं, "रावजी, यात काही घडतच नाही." तो म्हणाला, "बाई, तुमी कदी रांगेत हुबारला न्हाई." मी घरी आले आणि माझ्या नव्या नाटकाचा दुसरा अंक चुलीत घातला. त्यात फार घडत होतं.

दुसरी, 'माग थांबल्यावर'. लेखिका रत्नम्मा यन्नम. तिच्या घरी तेलुगू बोलतात, माग चालतो, आणि मराठी ती माझ्या वर्गात शिकली. तिच्या एकांकिकेत मुलगी बघायला पाहुणे आले आहेत आणि आतल्या खोलीत माग चालू आहे. माग खडखडत असतो तोवर घरातली माणसं एकमेकांशी खरं बोलतात, कारण पाहुण्यांना ऐकू जात नाही. माग थांबला की सगळे खोटं आणि गोड बोलू लागतात. मागाचा आवाज आम्ही लाकडी खोक्यावर काढायचो, आणि रत्नम्मा खोकं वाजवणाऱ्याला दटावायची, "जोरात. प्रेक्षकाला निम्मंच ऐकू आलं पाहिजे." लोक खुर्चीतून पुढे वाकून ऐकायचे. माझं नाटक बघताना कोणी पुढे वाकलेलं मी पाहिलेलं नाही. मागे टेकलेले पुष्कळ पाहिले. रत्नम्माने लग्नानंतर लेखणी हातात धरली नाही. सासरच्यांना 'बाईने काय लिहिलंय' एवढं तरी वाचावंसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांना हे कलम वाचून दाखवावं.

तिसरी, 'वांग्याची पाटी'. लेखक कै. जोतीराम महिपती टेळे, मंद्रूपचा प्राथमिक शिक्षक. आयुष्यात त्याने हे एकच लिहिलं. बाजारात एक म्हातारी वांगी विकत बसली आहे, शेजारी दुसरी भाजीवाली. म्हातारीचा मुलगा शहरात नोकरीला लागलेला. तो आपल्या साहेबाबरोबर बाजारात येतो, साहेबासाठी वांगी घ्यायला आईच्याच पाटीपाशी थांबतो, आणि साहेबासमोर लाज वाटून आईला ओळख देत नाही. गिऱ्हाइकासारखी घासाघीस करतो आणि जातो. त्यानंतर म्हातारी बोलते.

ते तिचं बोलणं जगात कुठे लिहिलेलं नाही. त्याला कारण मी.

कलम ४. सन १९६१ च्या स्पर्धेत ही एकांकिका आम्ही केली. नियम चाळीस मिनिटांचा. घंटा झाली की पुढच्या मिनिटागणिक गुण कापायचे. आमचा प्रयोग चव्वेचाळीस मिनिटं चालत होता. बसवणारी मी. मी म्हटलं, मुलगा गेला की पडदा, म्हातारी नुसती बसलेली दिसेल. जोतीराम म्हणाला, "बाई, समदं नाटक त्येवड्यासाटीच लिवलंय." मी त्याला रंगमंचाचं शास्त्र समजावलं. मला ते फार येत असे. आमची अशी रीत होती की कापलेला भाग प्रॉम्प्टरने चुकून बोलू नये म्हणून पानंच फाडून काढायची. हस्तलिखित एकच होतं. शेवटची चार पानं मी माझ्या हाताने फाडली. पाठकोऱ्या बाजूला रत्नम्माच्या प्रयोगाच्या दिव्यांची यादी केली, आणि प्रयोग झाल्यावर ती यादी झाडणाऱ्याने झाडून नेली.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी म्हातारीच्या मौनाचं भारी कौतुक केलं. चषक हातात घेऊन मी जोतीरामकडे वळले तर तो म्हणाला, "तुमीच ठिवा, बाई. बक्षीस तुमच्या कात्रीला हाय." त्यानंतर तो आमच्या बैठकीला आला नाही, आणि त्याने पुन्हा लिहिलं नाही. चार वर्षांपूर्वी तो काविळीने गेला. बारा वर्षं तो सोळा मैलांवर राहत होता आणि मी त्याची माफी मागायला गेले नाही. मी चुकले. मी भित्री होते आणि वर शहाणी म्हणवून घेत होते. तो चषक मंद्रूपला, जोतीराम शिकवायचा त्या वर्गात, खडू ठेवायला द्यावा.

कलम ५. म्हातारीचं काम केलं होतं दगडाबाई म्हेत्रे हिने. ती मंद्रूपच्या बाजारात खरीच भाजी विकते. तिला वाचता येत नाही, म्हणून जोतीरामने तिला सगळं तोंडी शिकवलं होतं आणि तिच्या संवादांची वेगळी नक्कल कधी लिहिलीच गेली नाही. गेल्या महिन्यात रावजीला बरोबर घेऊन मी बाजाराच्या दिवशी तिच्याकडे गेले. विचारलं, ते शेवटचं बोलणं आठवतं का.

"आटवतंय व्हय?" ती म्हणाली. "मनातल्या मनात रोज म्हनते की मी. तवा तुमी मला गप बसीवलंसा. सोळा वर्सं गपच हाय."

मी वही काढली. तिने मान हलवली. "न्हाय. तुमी लिवून घेनार, आन परत फाडनार."

मी म्हटलं, "दगडाबाई, कुठे लिहू म्हणजे फाडता येणार नाही?"

तिने पाण्याचा हात वांग्यांवर फिरवला आणि जरा विचार करून म्हणाली, "माझ्या सासऱ्याच्या जमिनीचा कागद हाय बगा कचेरीत. घरातला उंदरानं खाल्ला, पर कचेरीतला हाय तसा हाय. तितं लिवा."

तर हे मृत्युपत्र मी तेवढ्यासाठी करीत आहे. नाहीतर घर आणि दोन पाटल्या यांना एवढा कागद कशाला लागतो? नोंदणीला आलेलं मृत्युपत्र दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सरकारी वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतात. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात संवाद येत नाहीत." मी म्हटलं, "मग आता येतील." ते म्हणाले, निदान थोडक्यात लिहा. त्यांना मी चहाही विचारला नाही.

कलम ६. माझ्या तिन्ही नाटकांचे सर्व हक्क रावजी एकतपुरे आणि रत्नम्मा यन्नम यांना द्यावेत. 'वरचा मजला' कोणीही, कुठेही, फुकट करावं. अट एकच. त्याच दिवशी, त्याच रंगमंचावर, तेवढ्याच दिव्यांत, माझ्या नाटकाच्या आधी या तीनपैकी एक एकांकिका पूर्ण झाली पाहिजे. नंतर नाही, कारण नंतर लोकांना शेवटची एस.टी. गाठायची असते. फलकावर तिच्या लेखकाचं नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरात रंगवावं. ती चालू असताना चहा फिरवू नये. ही अट मोडून जो 'वरचा मजला' करील, त्याचा प्रयोग या दोघांनी बंद पाडावा. मुकुंदा, हे तुझ्या मंडळालाही लागू आहे, आणि तुम्ही लोक माझ्या नाटकाशिवाय गणपती काढू शकत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर मी ते हत्यार वापरते आहे. माझ्या नाटकाचा याहून चांगला उपयोग मला सुचला नाही.

माझी पोस्टातली शिल्लक या तीन एकांकिकांचं पुस्तक छापण्याकडे लावावी. रावजी, रत्नम्मा आणि जोतीरामच्या पत्नी बजाबाई यांची लेखी संमती सोबत जोडली आहे. या मृत्युपत्राचा अंमल रावजीने करावा. काट्यावर तीस वर्षं बसून त्याने कोणाचं वजन कमी लिहिलं नाही.

कलम ७. दगडाबाई या कागदावर साक्षीदार आहे. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. म्हणून मी तिला काहीच देत नाही. तिचं बोलणं तिचंच आहे. ती आज सकाळच्या एस.टी.ने आली, माझ्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसली आणि सावकाश बोलली. जोतीरामचं अक्षर टपोरं असे, त्याला चार पानं लागली होती. ते सगळं येणेप्रमाणे:

(मुलगा आणि साहेब गेले. म्हातारी पाटीतली वांगी पुन्हा लावते. शेजारणीला म्हणते.)

"वळखलं न्हाय असं म्हनू नगं, बाई. वळखलं त्यानं. वांगं कसं घेत हुता बगितलंस न्हवं? देठ दाबून बगत हुता. शेरातल्या मानसाला ते ठावं नसतंय. ते मी शिकीवलंय त्याला, हितंच, ह्याच पाटीपाशी बसवून. हात मला वळखत हुता. तोंड तेवडं न्हाय म्हनलं.

लई म्हाग देतीस म्हातारे, म्हनला मला. म्हनू दे. मी भाव उतरीवला न्हाय. तू म्हनशील, पोटचं पोरगं हाय, चार वांगी वर टाकायची हुतीस. का टाकू? गिऱ्हाईक हून आला, गिऱ्हाइकावानी माल घिऊन गेला. आई म्हनून एक हाक मारली असती तर समदी पाटी त्याच्या डोस्क्यावर ठिवली असती, आन सायबाच्या म्होरनं घरापत्तोर चालीवला असता.

रडत न्हाय मी. मी का रडू? मला अजून निम्मी पाटी इकायची हाय. त्याला घरी जाऊन ती वांगी खायाची हाईत."

(पडदा.)

येथे माझं मृत्युपत्र संपलं. वर लिहिलेलं सगळं मी शुद्धीत लिहिलं, वाचलं आणि त्याखाली सही केली.

सोलापूर, दिनांक १४ नोव्हेंबर १९७७.

सही: गोदावरी कमलाकर देगावकर

साक्षीदार पहिला: बसप्पा हत्तुरे, दवाखान्यातील कंपाउंडर, राहणार शेजारी. बाईंनी माझ्या समक्ष सही केली. सही.

साक्षीदार दुसरी: दगडाबाई तात्याबा म्हेत्रे, भाजीविक्री, राहणार मंद्रूप. बाईनं माझ्या म्होरं सही केली. माझं बोलनं बसप्पानं मला दोनदा वाचून दाकीवलं. ह्या खेपंला कापलं न्हाय. डाव्या हाताचा अंगठा.