पाठमोऱ्या न्यायाधीशाची माफी

मी, प्रभाकर विष्णू टिल्लू, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. संताप त्यांनी तपासला नाही.

१. राहता फ्लॅट आणि ठेवी माझी पत्नी शुभदा हिला. वागळे इस्टेटमधली ड्यूटी सुटली की मी तालमीला पळायचो. घर तिनेच ओढलं.

२. 'उत्कृष्ट अभिनेता' हे बक्षीस माझा मुलगा सलिल याला. हक्काने त्याचंच आहे, कारण सांगतो. आयुष्यभर हौशी नाटकांत दुय्यम कामं केल्यावर एका ऐतिहासिक चित्रपटात मला न्यायाधीशाची भूमिका मिळाली. राजा निरपराध माणसाच्या फाशीचा हुकूम पुढे करतो, न्यायाधीश सही नाकारतो आणि दरबारातून चालता होतो. चित्रीकरण झालं आणि निर्मात्यांना धडकी भरली. राजाचा अपमान झाला म्हणून कोणी थिएटर फोडलं तर? मी पाठमोरा जातो तिथे ओठ दिसत नाहीत, म्हणून डबिंगमध्ये मूळ वाक्याच्या जागी "चुकलो महाराज, क्षमा असावी" म्हणा, असं त्यांनी सांगितलं. मी साफ नकार दिला.

सलिल सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी माझ्या आवाजाची नक्कल करतो. तो गुपचूप जाऊन ते वाक्य म्हणून आला. मला कळलं ते थिएटरात, सगळ्या गोतावळ्यासमोर. टाळ्या पडल्या, आणि पुढे त्याच वाक्यासाठी मला हे बक्षीस मिळालं. शुभदासुद्धा म्हणाली, किती मनापासून म्हणालात. मी सलिलला जाब विचारला.

"बाबा, एका वाक्याने काय होतं? पिक्चर लागला ना?"

त्या एका वाक्याने माझा न्यायाधीश मेला, गाढवा.

३. चित्रपटातली न्यायाधीशाची पगडी मी ड्रेपरीवाल्याकडून विकत घेतली होती. ती सलिलची मुलगी क्षिप्रा हिला. "आजोबा, तुम्ही सॉरी का म्हणालात?" असं विचारणारी ती एकटीच.

४. माझ्या शोकसभेत सलिल तो चित्रपट दाखवणारच. दाखवू दे. न्यायाधीशाने पाठ फिरवली की आवाज बंद करावा. सलिलने पडद्यापुढे, लोकांकडे तोंड करून उभं राहावं आणि मूळ वाक्य म्हणावं: "महाराज, मान हजर आहे. सही मिळणार नाही." म्हटलं तर शुभदाच्या पश्चात फ्लॅट त्याचा, नाही तर क्षिप्राचा. निवाडा शुभदाने करावा. या वेळी तिने नीट कान देऊन ऐकावं.

माझी नक्कल चालणार नाही. त्याने ते स्वतःच्या आवाजात म्हणावं.

खालची सही मी राजीखुशीने देत आहे.

प्रभाकर विष्णू टिल्लू
ठाणे, १४ जानेवारी २०२५

आमच्यासमक्ष सही केली:
१. सरोज माधव गडकरी, नौपाडा
२. शिवराम धोंडू जाधव, डोंबिवली