साखर दोनदा पडली

होर्नी लेस्का, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू आणि पावेल भावोजी बरे असाल. इकडे काल संत मार्टिनचा सण झाला. सणाचा हंस मी कापलाच नाही. एकट्यासाठी एवढा पक्षी कोण भाजत बसणार! आलुबुखार वाळवलेत, पाठवतो. छप्पर अजून गळतंय. तुझ्या डोळ्याबद्दल विचारायला दोन वर्षं धजावलो नाही, आणि आज नुसतं विचारून भागणार नाही.

रविवारी वृद्धाश्रमात बाबांना भेटलो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा त्यांना घरच्या बिअरबद्दल काही विचारत होते. बाबा म्हणाले, "मला नका विचारू. मी साखर दोनदा घातली आणि पोरीचा डोळा घालवला." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगतात.

ताई, त्यांनी एकदाच घातली होती.

बाटल्या भरायच्या त्या शनिवारी त्यांनी फेस धरावा म्हणून साखरेचा पाक बिअरच्या पिंपातच ढवळला आणि बुचांची रबरं आणायला शेजारी गेले. मला वाटलं, आपले आजोबा करायचे तशी बाटली-बाटलीत साखर घालायची राहिली आहे. विचारायला हवं होतं. पण आदल्या वर्षीची आपली बिअर फेसाविना सपक निघाली होती, आणि पबमध्ये सगळे हसले होते, "ओत्मार, बिअर आणलीस की भांडी धुतलेलं पाणी?" ते मला फार झोंबलं होतं. म्हणून प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकली, वर आणखी अर्धा चमचा, आणि बिअर भरून ठेवली. बाबा आले नि म्हणाले, "वा, सगळं उरकलंस की!" रबरं चढवून आम्ही दोघांनी बुचं घट्ट केली.

तीन आठवड्यांनी तू तळघरात बाटली उचललीस आणि ती तोंडावर फुटली. साखर जास्त होऊन आत वायू कोंडला, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. दवाखान्याच्या बाकावर बाबाच म्हणाले, "माझं डोकं गेलं रे. दोनदा ओतला असणार पाक." मी गप्प बसलो. तू चिडून म्हणालीस, बाबांना आता घरी ठेवू नका. त्यांना गाडीत घालून आश्रमात सोडून आलो तो मीच.

रविवारी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला.

"बापासाठी खोटं बोलतोस होय रे? लहानपणापासून असाच आहेस, मायाळू."

मी आईची शपथ घेतली. ते नुसते हसले, आणि नर्सला बोलावून म्हणाले, "हा बघा माझा मुलगा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

माझ्यावर हवं तेवढं चीड, तोंड पाहू नकोस. पण बाबांकडे जा. ते नाताळपर्यंत तरी काढतील, असं डॉक्टर धरून चालत नाहीत. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू सांगितलं नाहीस, तर मला चांगला मुलगा समजूनच ते जातील.

अजून भाऊ म्हणशील तर तुझा,
ओत्मार